अणुयुद्धानंतरचा डाव पुन्हा हिरवा होऊ नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रीसिव्ह या सिव्हिलायझेशनच्या धर्तीवरच्या संगणक-खेळासाठी तुम्ही नवा रूलसेट, म्हणजे नियमांचा संच, करताय. डाव अर्ध्यावर आला की जगभर अणुबॉम्ब पडावेत आणि तिथून पुढे ओसाड जगातला खेळ सुरू व्हावा, अशी कल्पना. करपलेल्या जमिनीच्या टाइल (नकाशावरचे चौकोन), म्युटंटची चित्रं, भंगारातून जोडलेल्या गाड्या असं सगळं तयार आहे. पण बॉम्ब पडून पंधरावीस टर्न, म्हणजे खेळातल्या फेऱ्या, झाल्या की जमिनीची कामं करणारे इंजिनियर ती साफ करून टाकतात, शहरं पुन्हा फोफावतात आणि जो आधी पुढे होता तोच जिंकतो. काय कमी पडतंय?

तुम्ही जग जाळलंत, पण खेळाचं इंजिन तसंच चालू ठेवलंत. सिव्हिलायझेशनच्या घराण्यातला कुठलाही खेळ चक्रवाढ व्याजावर चालतो. जास्त धान्यातून जास्त माणसं, त्यांतून जास्त उत्पादन आणि संशोधन, त्यातून आणखी शहरं. बॉम्बने मुद्दल कमी झालं तरी व्याजाचा दर तोच राहिला, म्हणून काही टर्नांत सगळं भरून निघतं. प्रलयानंतर खेळाडूला दर टर्नला ‘आता काय बांधू’पेक्षा ‘आता काय सोडू’ हा प्रश्न जास्त पडला पाहिजे. त्यासाठी धान्य, पाणी, ज्ञान आणि इंधन या चार ठिकाणी हात घालावा लागतो. म्युटंट अगदी शेवटी.

मी फ्रीसिव्ह ३.० धरून लिहितोय. १९९५ साली डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या खेळात बहुतेक नियम साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये असतात आणि उरलेलं लुआ या सोप्या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्क्रिप्टने करता येतं, त्यामुळे सी भाषेला हात न लावता यातलं जवळजवळ सगळं जमतं.

आधी एक युक्ती, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रलय झाला आहे की नाही, हे रूलसेटला कळायचं कसं? एक बनावट तंत्रज्ञान तयार करा, नाव द्या ‘महाविनाश’. त्याच्या संशोधनाला पूर्ण न होणारी अट घाला, म्हणजे ते कुणालाच स्वतःहून मिळणार नाही. योग्य वेळ आली की लुआ स्क्रिप्टने ते सगळ्या खेळाडूंना एकाच टर्नमध्ये देऊन टाका. आता इफेक्टच्या, म्हणजे खेळातले परिणाम ठरवणाऱ्या, फाइलमध्ये कुठल्याही ओळीला ‘हे तंत्रज्ञान असेल तर’ किंवा ‘नसेल तर’ अशी अट लावता येते. इमारतींनाही लावता येते. म्हणजे एकाच रूलसेटमध्ये दोन जगं राहतात आणि मधलं बटण तुमच्या हातात. युनिटना (सैनिक, गाड्या, विमानं वगैरे) मात्र ३.० मध्ये ‘नसेल तर’ अशी उलटी अट लागत नाही. तिथे युनिटला एखाद्या इमारतीची गरज जोडा आणि अट त्या इमारतीवर ठेवा. पुढे आपण ज्ञान विसरण्याची सोय करणार आहोत, तेव्हा एखादा खेळाडू ‘महाविनाश’च विसरून बसू शकतो आणि त्याच्यापुरतं जग अचानक सुधारतं! टर्न सुरू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये ते तपासून परत द्यायची एक ओळ घालून ठेवा.

आता धान्य. फ्रीसिव्हसोबतच येणाऱ्या क्लासिक रूलसेटचा हिशोब बघा. एक नागरिक दर टर्नला २ धान्य खातो. गवताळ टाइल २ धान्य देते, सिंचन केलं तर ३. टुंड्रा १ देते. म्हणजे गवताळ जमिनीवर राबणारा माणूस स्वतःपुरतं पिकवतो आणि टुंड्रावरचा अर्धपोटी राहतो. त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातलं द्यावं लागतं. शहर वाढणार की आटणार, हे या एका आकड्याच्या फरकावर ठरतं, म्हणून शेतीवर वेगळा दंड बसवत बसू नका. जमिनीचा प्रकार बदला, बाकीचं गणित आपोआप होतं.

त्याची यंत्रणा खेळात आधीच आहे. नकाशावर किरणोत्सर्गी धूळ साचत गेली की अणुहिवाळ्याची शक्यता वाढते आणि तो आला की काही टाइल थंड प्रकारात बदलतात. कुठला प्रकार कशात बदलेल, हे भूप्रदेशाच्या फाइलमध्ये प्रत्येक जमिनीपुढे लिहिलेलं असतं. थंड-ओला आणि थंड-कोरडा असे दोन निकाल तिथे असतात. तुमची करपलेली जमीन त्या साखळीत बसवा. गवताळ ते माळरान, माळरान ते करपट, करपट ते करपट. उलट दिशेची वाट जवळजवळ बंद ठेवा. जमीन बदलण्याचं काम इंजिनियरला करता येतं, तेही करपट जमिनीसाठी काढून टाका किंवा त्याला इतके टर्न लावा की खेळाडू दोनदा विचार करेल. हवा तेव्हा अणुहिवाळा आणायचा असेल तर लुआमध्येही सोय आहे, पण इंजिनला त्याच्या गतीने करू दिलेलं जास्त चांगलं वाटतं. एकदम सगळं गोठलं की खेळाडूला फसवल्यासारखं होतं. हळूहळू गोठलं की तो झुंजतो.

एक पळवाट इथे हमखास निघते, समुद्राची. क्लासिकमध्ये समुद्राची टाइल १ धान्य आणि २ व्यापार देते, बंदराची इमारत असली की धान्य २. हिवाळ्यात जमीन बिघडते पण समुद्र तसाच राहतो. मग हुशार खेळाडू किनाऱ्यावर सरकतो आणि मासे खात निवांत बसतो. ‘महाविनाश’ असेल तर बंदराचं जादा धान्य रद्द करा. किनाऱ्याकडे धाव घेणं ठीक आहे, तिथे पोट भरून झोप लागता कामा नये.

किरणोत्सर्गी धुळीचं थोडं खऱ्या विज्ञानावर बेतलंत तर खेळही सुधारतो. स्फोटानंतरच्या धुळीसाठी एक ढोबळ नियम वापरतात: वेळ ७ पट झाली की किरणोत्सर्ग दहाव्या हिश्शावर येतो. पहिल्या तासाच्या मानाने ७ तासांनी दहावा भाग, ४९ तासांनी शंभरावा, साधारण दोन आठवड्यांनी हजारावा. म्हणजे सर्वांत जीवघेणी धूळ एका टर्नच्या आत संपते, कारण या काळात खेळातला टर्न साधारण एका वर्षाचा असतो. मागे उरतो तो सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ, ज्याचं अर्धायुष्य (तो निम्मा व्हायला लागणारा काळ) सुमारे ३० वर्षं आहे. चेर्नोबिलचा अपघात १९८६ साली झाला. आसपासचा निषिद्ध प्रदेश आजही आहे, तो मुख्यतः अशाच दीर्घायुषी द्रव्यांमुळे.

म्हणून धुळीचे दोन प्रकार करा. पहिला नेहमीचा, इंजिनियरने साफ होणारा. दुसरा खोलवर मुरलेला, ज्याला साफ करण्याची कृतीच नाही. तो फक्त आपोआप विरतो. नकाशावरच्या अशा गोष्टींना दर टर्नला नाहीशी होण्याची शक्यता देता येते. टर्न एका वर्षाचा धरला तर ३० वर्षांच्या अर्धायुष्यासाठी ती सुमारे २.३ टक्के येते. दोन्ही प्रकारांना ‘अणुस्फोट’ हेच कारण दिलंत तर बॉम्ब पडल्यावर प्रत्येक टाइलवर कुठला पडेल हे इंजिनच ठरवतं. तुमची तक्रार होती ना, इंजिनियर सगळं साफ करतात? ती इथेच अर्धी मिटते. आणि खेळाडूला एक नवा निर्णयही मिळतो: धूळ विरेपर्यंत इथेच तग धरायचा, की शहरच सोडून द्यायचं?

टर्नचा काळच लहान करायचा असेल, म्हणजे प्रलयानंतर एक टर्न एका ऋतूचा किंवा महिन्याचा, तर ३.० मध्ये वर्षाचे तुकडे पाडायची सोय आहे. मला ते आवडतं. वर्षाच्या टर्नमध्ये उपासमार म्हणजे नुसता आकडा वाटतो. पण मग वरची २.३ टक्क्यांची शक्यता तुकड्यांच्या हिशोबाने कमी करायला विसरू नका.

पाण्याचा धडा रोमकडून घ्या. इ.स. ५३७ मध्ये ऑस्ट्रोगॉथ राजा विटिगिसने रोमला वेढा घातला आणि शहराला पाणी आणणारे जलसेतू तोडले. भरभराटीच्या काळात सुमारे दहा लाख वस्तीचं मानलं जाणारं हे शहर त्याआधीच पुष्कळ आटलं होतं. पाणी गेल्यावर टेकड्यांवरचे भाग ओस पडत गेले आणि उरलेली वस्ती टायबर नदीच्या वळणाजवळ, सखल भागात गोळा झाली. शहराचा आकार भिंती ठरवत नाहीत, तो पाणी ठरवतं.

फ्रीसिव्हमध्ये याचं अर्धंच चित्र आहे. क्लासिकमध्ये जलसेतूशिवाय शहर ८ वस्तीच्या पुढे जात नाही आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेशिवाय १६ च्या. पण १४ वस्तीच्या शहराचा जलसेतू मोडला तर ते १४ वरच राहतं. नियम फक्त वाढीच्या वेळी तपासला जातो. हे बदलायला स्क्रिप्टही लागत नाही. खेळाच्या मुख्य फाइलमध्ये आपत्तींची यादी असते, आग, पूर, भूकंप, साथ वगैरे. तिथे ‘पाणीटंचाई’ नावाची नवी आपत्ती लिहा. अटी अशा: शहर किमान ९ वस्तीचं, आणि कुठल्याही प्रकारचा जलसेतू नाही. परिणाम: वस्ती कमी होणे. जलसेतूचे एकाहून अधिक प्रकार असतील तर प्रत्येकाची ‘नाही’ अट घालायची, नाहीतर नदीकाठची शहरं विनाकारण मरतात. आपत्तींची एकूण वारंवारता सर्व्हरच्या सेटिंगमध्ये असते. ती मुळात इतकी कमी आहे की वाढवल्याशिवाय काही जाणवणारच नाही.

यासोबत स्थलांतराची सेटिंग चालू करा. ती मुळात बंद असते, त्यामुळे कित्येकांना ती आहे हेही ठाऊक नसतं. चालू केली की लोक वाईट स्थितीतल्या शहरातून जवळच्या बऱ्या शहरात जातात, परदेशातसुद्धा. निर्वासितांची वेगळी व्यवस्था लिहायची गरज उरत नाही. ज्याने आपलं एक शहर कसंबसं सावरलं, त्याच्या दारात शेजाऱ्याची माणसं येऊन उभी राहतात, आणि त्यांना घालायला धान्य नसतं. मला विचाराल तर या सगळ्यातला सर्वांत चांगला प्रसंग हाच, आणि तो एका सेटिंगमध्ये मिळतो.

आता ज्ञान. इथे बहुतेक मॉड, म्हणजे मूळ खेळात असे बदल करून केलेल्या आवृत्त्या, घसरतात. जग संपलं तरी प्रत्येकाला संगणक आणि रॉकेट येतंच, मग ते प्रलयानंतरचं जग कसलं? इ.स.पू. १२०० च्या सुमारास मायसिनियन ग्रीसमधले राजवाडे जळाले. तिथे लिनियर बी ही लिपी वापरात होती, पण ती मुख्यतः राजवाड्याचे हिशोब ठेवणाऱ्या मोजक्या लेखनिकांपुरती. राजवाडे गेले, लेखनिकांचं काम गेलं, आणि लिहिणंच गेलं. पुढची काही शतकं ग्रीकांकडे लिपी नव्हती, इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपास त्यांनी फिनिशियनांकडून वर्णमाला घेतली. मडकी घडवणं, शेती करणं मात्र थांबलं नाही, आणि लोखंड तर याच काळात पसरलं. ज्या ज्ञानाला पोसणारी संस्था मोडते ते ज्ञान मरतं. बाकीचं तगतं.

फ्रीसिव्हमध्ये याला जवळपास जुळणारी गोष्ट म्हणजे तंत्रज्ञानाची देखभाल. ती चालू केली की जेवढं जास्त येतं तेवढे जास्त बल्ब, म्हणजे संशोधनाचे गुण, ते टिकवण्यात खर्च होतात. साठा उणे गेला की तंत्रज्ञान हातचं जातं. देखभालीची पद्धत संपूर्ण रूलसेटला एकच असते, ती मधेच चालू-बंद होत नाही. पण काही बल्बांची देखभाल माफ करणारा एक इफेक्ट आहे. प्रलयाआधी भरपूर माफी द्या, ‘महाविनाश’ आला की ती काढून घ्या. शिवाय एक सर्व्हर सेटिंग मुळात तंत्रज्ञान गमावू देत नाही. ती बदला, नाहीतर उणे साठा दिसेल आणि होणार काहीच नाही.

देखभालीच्या पद्धतींपैकी शहरांच्या संख्येने गुणणारी निवडा. हा तुमच्या ‘आधी पुढे होता तोच जिंकतो’ या दुखण्यावरचा इलाज आहे. वीस शहरांचं साम्राज्य पाच शहरांच्या राज्यापेक्षा लवकर विसरतं. मोठ्याला मग शहरं सोडावी लागतात किंवा ज्ञान. सोबत साम्राज्याच्या आकारामुळे येणारी नाराजीही ‘महाविनाश’नंतर कडक करा. राजधानी नष्ट झाली तर लुआने यादवी लावता येते, म्हणजे राज्याचे दोन तुकडे. शक्यता पूर्ण शंभर टक्के ठेवू नका.

काय विसरलं जाईल? मुळात इंजिन तंत्रज्ञानाच्या झाडाच्या टोकाकडचं तंत्रज्ञान काढतं, म्हणजे ज्याच्यावर दुसरं काही अवलंबून नाही असं. मधली भोकं पडू द्यायची मुभा रूलसेटमध्ये आहे. मी भोकं पडू देण्याच्या बाजूचा आहे. लिपी गेली पण लोखंड राहिलं, हे तसं भोकच. आणि खरी गंमत अशी, की तंत्रज्ञान गेलं तरी त्यातून आधी बांधलेली इमारत किंवा युनिट उभं राहतं, फक्त नवं करता येत नाही. तुमच्याकडे शेवटचे दोन रणगाडे उरलेत आणि तिसरा कधीच होणार नाही. खेळाडू त्यांना असं जपतो की बघत राहावं.

इंधनाबद्दल थोडक्यात. सिव्हिलायझेशन ६ च्या गॅदरिंग स्टॉर्म या विस्तारात तेलाचा साठा असतो आणि युनिट तो दर टर्नला खातात. फ्रीसिव्हमध्ये राष्ट्राच्या पातळीवर तेल साठवायची तशी सोय नाही. पण विमानांना असते तशी ‘इतक्या टर्नांत तळावर परत ये, नाहीतर संपलास’ ही मर्यादा जमिनीवरच्या गाड्यांनाही लावता येते. इंधन शहरात किंवा तळावर भरतं. मग तळ बांधत जाणं म्हणजेच रस्ता बांधणं, आणि शत्रूच्या मधल्या एका तळावर कब्जा म्हणजे त्याच्या गाड्यांचा अंत. घोडेस्वारांना मर्यादा नको. जुनी युनिट पुन्हा कामाची झाली पाहिजेत.

भग्न शहरांचं. शहर नष्ट झालं की क्लासिकची स्क्रिप्ट त्या जागी अवशेष टाकते, जे नुसते शोभेला असतात. त्यांना सुरुवातीला नकाशावर विखुरलेल्या झोपड्यांसारखी वागणूक द्या, म्हणजे युनिट आत शिरलं की अवशेष जातात आणि तुमच्या स्क्रिप्टला संधी मिळते: थोडं सोनं, एखादं विसरलेलं तंत्रज्ञान, कधी टोळीचा हल्ला, कधी काहीच नाही. हे वेगळ्या आज्ञेने करण्यापेक्षा असंच करा, कारण आपोआप फिरणारं शोधक युनिट झोपड्या शोधत जातंच. संगणकाच्या बाजूचे खेळाडूही मग अवशेष लुटायला लागतात आणि त्यांच्यासाठी एक ओळ लिहावी लागत नाही. नवा नियम घालताना मी नेहमी हेच बघतो की संगणक तो न शिकवता खेळू शकेल का. नसेल तर तो नियम फक्त माणसाला मिळालेली सवलत ठरतो.

म्युटंट, टोळ्या वगैरे. रानटी टोळ्यांची सेटिंग वाढवली की टोळ्या मिळतात. प्राण्यांची सेटिंग मात्र डाव सुरू होतानाच प्राणी सोडते, नंतर नाही, म्हणून करपट जमिनीवरची श्वापदं स्क्रिप्टनेच निर्माण करावी लागतील. कमी ठेवा. खेळाडू उपाशी असताना त्याला अजून एका शत्रूची फारशी गरज नसते.

प्रलय आणायचा कधी? ठरलेल्या टर्नला आणू नका. १५० व्या टर्नला बॉम्ब पडणार हे माहीत असेल तर प्रत्येक जण १४० पासून धान्यकोठारं भरत बसतो. नकाशावरच्या धुळीच्या टाइल स्क्रिप्टने मोजा आणि जमिनीच्या एका ठरावीक हिश्शापुढे गेल्या की ‘महाविनाश’ द्या. सुरुवातीला पाच टक्के धरून बघा. मोठ्या नकाशावर दर टर्नला सगळ्या टाइल मोजल्या तर सर्व्हर जड होतो, चारपाच टर्नांनी मोजलं तरी चालतं. सिव्हिलायझेशन ६ च्या २०२० साली आलेल्या प्रलय-मोडमध्येही शेवटचे धूमकेतू हवामान टोकाला गेल्यावरच कोसळतात, म्हणजे दोष खेळणाऱ्यांचाच राहतो.

आणि सुटकेची वाट ठेवा. २०१२ साली इंटरनेटवर एका खेळाडूची हकिकत गाजली होती. त्याने सिव्हिलायझेशन २ चा एकच डाव अधूनमधून दहा वर्षं चालवला आणि इ.स. ३९९१ पर्यंत नेला. जगात तीनच सत्ता उरल्या होत्या, युद्ध शतकानुशतकं चालू होतं, बर्फ पुनःपुन्हा वितळून सुपीक जमिनीची दलदल झाली होती. धान्यकोठार बांधावं म्हटलं तर रणगाडा बांधावा लागायचा. जमीन सुधारायला जे हात हवेत ते आघाडीवरचे रस्ते दुरुस्त करण्यात जायचे. प्रलयानंतरचं इतकं खरं चित्र कुणी मुद्दाम आखून काढलं नसतं. वाचायला ते थरारक आहे. पण तोच डाव तुमच्या खेळाडूच्या वाट्याला आला तर तो तिसऱ्या संध्याकाळी बंद करेल, कारण त्याला निवड उरलेली नाही. म्हणून विजयाची अट बदला. अंतराळयान काढून टाका. स्क्रिप्टने तपासा की एखाद्या खेळाडूच्या हद्दीत धूळ नसलेली, करपट नसलेली किती जमीन आहे आणि त्यावर भुकेलं नसलेलं एक तरी मोठं शहर सलग वीस टर्न टिकलंय का. तसं झालं की विजय जाहीर करा. शेजाऱ्यावर बॉम्ब टाकणाऱ्याला हिवाळा स्वतःच्या शेतातही येताना दिसेल, आणि तह करण्याला पहिल्यांदा काही किंमत येईल.

हे सगळं एकदम घालू नका. आधी फक्त धान्य आणि धूळ, मग सर्व्हरवर टाइमआउट -१ करून (म्हणजे टर्न कुणासाठी न थांबता पुढे जातात) सगळे संगणक-खेळाडू असलेले डाव रात्रभर चालू द्या. सकाळी एकच आलेख बघा: जगाची एकूण वस्ती. प्रलयानंतर ती पडून तीस-चाळीस टर्न खाली रेंगाळत असेल तर पाण्याकडे वळा. लगेच वर उसळी घेत असेल तर कुठेतरी धान्य गळतंय. बहुतेक वेळा ते बंदर असतं, नाहीतर शहराच्या मधल्या टाइलला मिळणारं फुकटचं सिंचन. शून्याकडे जात असेल तर करपट जमिनीला १ धान्य द्या आणि पुन्हा चालवा.